बटणांची बाजू

छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

ती. दादास,

तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवर केला तर ती म्हणते, "हा घे, सुदर्शन हितंच हाय," आणि मग तू उठून बाहेर गेल्याचं तेवढं मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. घरात वाचता येणारे आता आपण दोघंच, त्यामुळे हे तुझ्याकडेच राहील.

बँकेची नोकरी मला मिळाली. अठ्ठावीस डिसेंबरला पत्र आलं, परवा रुजू झाले. सहा महिने उमेदवारी, मग कायम. आईला मी सांगितलं आहे. तिनं तुला सांगितलं असेल, किंवा तुझं तोंड बघून गप्प राहिली असेल.

आता सुतकाचं. त्या सोमवारी मी आईला सांगून निघाले की कॉलेजात सही करायची आहे. ते खोटं होतं. अण्णा गेले त्याच्या सातव्या दिवशी मी इंटरव्ह्यूला गेले आणि त्यांनी शिवून घेतलेला निळा कोट घातला. परत येताना कपडे बदलायला वेळ नव्हता. हर्सूलच्या टी-पॉइंटला गाडी धरताना अप्पारावकाकांनी मला कोटात बघितलं आणि दहाव्याच्या पंगतीत ते सगळ्यांसमोर बोलले. मग तू वाढता वाढता थांबलास आणि मला म्हणालास, "कोट घालूनच यायचं व्हतं की आज. सायबीन झाली आमची." बायकांनी पदर तोंडाला लावले. त्याला आज चोवीस दिवस झाले. त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस.

मी चुकले हे मला मान्य आहे. पण अण्णा त्या कोटासाठी स्वतःहून आले होते. छावणीतल्या मास्टरांकडे त्यांनीच मला नेलं. शेवटच्या दिवशीही ते मुद्दाम आले, मी कोट घातलेला बघायला. अगदी बरे होते. भजी खाल्ली, साडेपाचच्या गाडीत खिडकीशी बसले, मला हात केला. ज्या कोटासाठी त्यांनी एवढी येजा केली, तो घालून गेलेच नसते तर त्यांना काय वाटलं असतं, असं माझ्या मनात आलं. एवढंच.

तुला राग येणं बरोबर आहे. पण आईसाठी तरी फोन उचल.

श्रेया


२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो पत्र तुझ्या हातात दिलं. तू ते फाडलं नसशील असं धरून चालते.

बँकेत आमचं चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातला एक अख्खा दिवस कपड्यांचा होता, तुला हसू येईल. विश्वजीत सर म्हणून पुण्याचे एकजण शिकवायला होते. ग्राहक आधी कपडे बघतो, मग नाव विचारतो, असं त्यांनी सांगितलं. ओढणीला पिन लावायची, चपलेचा आवाज नको, बांगड्यांचा नको, टिकली लहान. मी सगळं वहीत उतरून घेतलं. मग त्यांनी मला पुढं बोलावलं आणि तीस जणांसमोर उभं केलं. मला वाटलं काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "हे खांदे बघा. तयार कोटाला असे खांदे बसत नाहीत. कुठं शिवलात?" मी म्हणाले, छावणीत, फौजी लोकांचे कपडे शिवणाऱ्या मास्टरांकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

त्या दिवसापासून मला चैन नाही, कारण मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नव्हतं. अण्णा स्वतःहून आले नव्हते. मी बोलावलं होतं.

त्याआधी माझे दोन इंटरव्ह्यू गेले होते. पहिल्या ठिकाणी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या, त्या चांगल्या मनानं म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा नीट तयार होऊन या." मी कन्नडला घेतलेला पिवळा ड्रेस घातला होता. मला तर तो चांगलाच वाटत होता. बाहेर जिन्यावर बसून मी अण्णांना फोन केला. सगळ्या मुलींकडे कोट आहे, मला एकटीलाच नाही, म्हणून रडले. बावीस वर्षांची असून रडले. ते म्हणाले, "कोटच ना? मग रडतीस कशाला? परवा येतो."

छावणीच का, तर लहानपणी ते आजोबांबरोबर कॅम्पात वैरण पोचवायला यायचे, तेव्हाचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. "फौजेच्या शिंप्याचं माप चुकत नाय," म्हणाले. कापड त्यांनीच निवडलं. हात फिरवून, उजेडात धरून, बैल बघतात तसं बघितलं. दुकानदार हसला, तर ते त्याला म्हणाले, "हसा, पण लेक बँकेत बसली की तुमचंच खातं तपासंल."

तेव्हा त्यांना शहरात ओढलं ते मी. हे तुला माहीत असावं.

श्रेया


१८ मे २०२५

दादा,

मागचं पत्र लिहिल्यावर मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. वाटलं नाही, कारण तेही अर्धंच होतं.

दोन डिसेंबरला कोट एक वाजता मिळायचा होता. अण्णा अडीचच्या गाडीनं परत निघणार होते. त्या दिवशी तुझ्याकडे कापूस वेचणारी माणसं होती आणि संध्याकाळी गाडी भरायची होती, हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं. एक वाजता आम्ही दुकानात होतो. कोट तयार होता. मी घातला. अण्णा दोन पावलं मागं सरकले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बेस."

मग मी बटणं लावायला गेले आणि बघते तर बटणं उजवीकडे. पुरुषांच्या कोटाला असतात तशी. बायकांच्या कोटाची बटणं डाव्या बाजूला असतात. मी इंटरव्ह्यूच्या कपड्यांबद्दल फोनवर इतकं काही बघितलं होतं की हे मला पाठ होतं. मास्टरांनी चाळीस वर्षांत बाईमाणसाचा कोट कधी शिवलाच नव्हता, आणि अण्णांनी त्यांना सांगितलं होतं, सायबाचा असतो तसा कोट पायजे. त्यांनी तसा शिवला.

मास्टर म्हणाले, "बेटी, बटन कौन देखरा? आदमी को देखते." अण्णाही म्हणाले, "राहू दे की. बटण लागल्याशी मतलब." मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, समोरच्यांची नजर नेमकी तिथं जाईल आणि त्यांना कळेल, ही खेड्यातून आली आहे, हिला एवढंही माहीत नाही. मी म्हणाले, बदलून द्या. मास्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काजं एकदा कापली की परत कापड होत नाही. ती रफू करून बुजवायची, त्यावर बटणं बसवायची आणि दुसऱ्या बाजूला नवीन काजं करायची. तीन बटणांचं काम. साडेचार होतील, म्हणाले.

अण्णा एकटे जाऊ शकत होते. मीच म्हणाले, "अण्णा, झाल्यावर एकदा बघूनच जा ना." ते दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. अडीचची गाडी गेली.

आईनं मला सांगितलंय, ते आठ वाजता घरी पोचले तेव्हा तू त्यांना बोललास. माणसं निघून गेली होती, कापूस तसाच पडला होता. तुला राग येणारच. तो उशीर त्यांनी केला नव्हता, दादा. मी केला होता. तुझं बोलणं माझ्या वाट्याचं होतं.

श्रेया


१० ऑगस्ट २०२५

दादा,

आज थोडंच लिहिते.

मला कायम केलं नाही. उमेदवारी आणखी सहा महिने वाढवली. कामाबद्दल तक्रार नाही. आमच्या मीनाक्षी मॅडमनी कागदावर 'पोशाख' असा रकाना असतो त्यात लिहिलं, रोज एकच कोट, दोनच ड्रेस. त्यांनी मला बसवून विचारलंही, काही अडचण आहे का. मी नाही म्हणाले. वर्ष होईपर्यंत नवं कापड अंगाला लावायचं नाही हे आपल्याकडे पाळतात, ते मी पाळते आहे. पण ज्या कोटात मी सुतक मोडलं तोच कोट अंगात असताना दुखवट्याचं कारण कोणत्या तोंडानं सांगू? शेजारच्या काउंटरवरची स्वराली रोज म्हणते, "अगं, हा कोट तुझ्या अंगातच उगवलाय का?" मी हसते.

काल राखी होती. यंदा सणच नाही, त्यामुळे तू आला नाहीस आणि मी आले नाही हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. तेवढं बरं झालं.

आई दर रविवारी फोनवर एकच विचारते. त्या दिवशी ते काय काय बोलले, कुठं बसले, काय खाल्लं. मी सांगते. ती परत विचारते. मी परत तेवढंच सांगते.

अजून एक गोष्ट राहिली आहे. आज लिहायला बसले होते ती तेवढ्यासाठीच. पण नाही जमत.

श्रेया


२ नोव्हेंबर २०२५

दादा,

बावीस तारखेला वर्षश्राद्ध आहे. मी यावं की नाही हे तू ठरवणार, आणि ते तुला सगळं माहीत असताना ठरवलेलं असावं. म्हणून आज लिहून टाकते. सकाळपासून दोन कागद फाडले. हा फाडणार नाही.

अण्णा त्या दिवशी बरे नव्हते.

तीनच्या सुमाराला ते बाकावरून म्हणाले, "छातीत जरा आवळल्यावानी व्हतंय गं." आम्ही भजी खाल्ली होती. मी म्हणाले, तेलाचं असेल. टपरीवरून सोडा आणून दिला. त्यांनी पिला, ढेकर दिला, म्हणाले, बरं वाटतंय. मी परत आत जाऊन मास्टरांच्या हाताकडे बघत बसले. एक काज झालं होतं.

थोड्या वेळानं मी बाहेर बघितलं तर त्यांनी टोपी काढली होती आणि तिनंच वारा घेत होते. डिसेंबर होता, दादा. त्यांच्या गळ्यापर्यंत घाम आला होता. मास्टरांनीही मान वर करून बघितलं. ते सुई हातात धरून म्हणाले, "भाई को घाटी में दिखा लो. पासच है."

तिथून घाटी दवाखाना रिक्षानं दहा मिनिटं. मी घड्याळाकडे बघितलं. मला काय काय सुचलं ते सगळं लिहिते. घाटीत केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, संध्याकाळ होणार. दुकान बंद होणार. दुसऱ्या दिवसापासून मास्टर जालन्याला लग्नाला जाणार होते, ते आठवडाभर येणार नव्हते. सोमवारी इंटरव्ह्यू. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं, आणि अण्णांचा घाम त्यात शेवटी आला. मी म्हणाले, "अण्णा, गाडीत वारा लागला की बरं वाटेल तुम्हाला." ते म्हणाले, "व्हय, व्हय. तू तुझं कर."

पाच वाजता कोट झाला. मी तो परत घातलेला त्यांनी बघितला नाही. मीच म्हणाले, उशीर होतोय, चला.

रिक्षात ते म्हणाले, "घरी सांगू नको हां. तुझी आई उगी घोर लावून घेती, आन् सुदर्शन चिडतो." मी बरं म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून गप्प राहिले असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. घरी सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग दवाखान्यात का नाही नेलं. साडेपाचला गाडी सुटली. त्यांनी हात केला नाही. ते डोळे मिटून बसले होते. हात केला असं मी तुला लिहिलं होतं, आईलाही तेच सांगते.

त्या संध्याकाळी फोन माझ्या हातात होता. तुला एक फोन केला असता तर तू त्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या पिशोरच्या डॉक्टरकडे नेलं असतंस. मी कोट दाराला टांगून ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होते. पहाटे आईचा फोन आला.

इंटरव्ह्यूचंही सांगते. टेबल एवढं उंच होतं की माझी बटणं कुणाला दिसलीच नसती. तिघंजण होते, तिघंही कागदाकडे बघत होते. एकानं विचारलं, वडील काय करतात. मी म्हणाले, शेती करतात. त्यांना जाऊन सहा दिवस झाले होते.

आता तू ठरव.

श्रेया


१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

मंगळवारी तू बँकेत आलास. मी ओळख दाखवली नाही असं तुला वाटलं असेल. दारातून आत आलास तेव्हाच मी तुला बघितलं होतं. गार्डनं तुला यंत्रातून टोकन घ्यायला लावलं आणि तू ते घेऊन गप्प खुर्चीत बसलास, मांडीवर पिशवी. माझ्यासमोर एक आजी होत्या, त्यांची सही जुळत नव्हती. त्यांना थांबवून मला उठता आलं असतं. मी त्यांच्याकडून परत परत सही करून घेत राहिले. पंचवीस मिनिटांनी तुझा नंबर लागला आणि तू माझ्यासमोर येऊन बसलास. वर्षभरानं तुझं तोंड एवढ्या जवळून बघितलं. दाढी पांढरी व्हायला लागली आहे. तू अजून पस्तीसचाही नाहीस.

आपण जे बोललो ते मी इथं लिहून ठेवते, म्हणजे मी कशाला हो म्हणाले याबद्दल पुढं आपल्यात घोळ नको.

तू म्हणालास, "तू लिहाया नको व्हतं, श्रेया. कोटाचा राग मला झेपत व्हता. चार लोकांत सांगता येत व्हता. हे घेऊन मी कुठं जाऊ?"



तू म्हणालास, "त्या सांजंला मी अण्णाला म्हणलो, शेरात हिंडाया गेलते का. ते नुसते वट्यावर टेकले." मग तू टोकनाची चिठ्ठी दुमडत राहिलास. ती एवढीशी झाली तरी दुमडत होतास.

मग म्हणालास, "आईला ह्यातलं काय बी कळू द्यायचं नाय. एवढं कबूल आसंल तर बावीसला ये."

मी म्हणाले, कबूल.

तू उठून गेलास. पाणीही विचारलं नाही मी. स्वराली म्हणाली, कोण होते गं, एवढा वेळ? मी म्हणाले, माझा भाऊ. ती म्हणाली, "अगं मग चहा तरी पाजायचा." मी आत जाऊन तोंड धुऊन आले आणि पुढचा नंबर घेतला.

तू मला माफ केलंस असं मी धरलेलं नाही. तू फक्त येऊ दिलंस. तेवढंही पुष्कळ आहे. बावीसला सकाळच्या गाडीनं येते.

श्रेया


२६ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे, शुक्रवारी तुला मिळेल. नीट वाच आणि रागावलास तरी पूर्ण वाच.

शनिवारी मी माझा शब्द पाळला. तू बघितलंस. वच्छलाआत्यानं आईला नवं लुगडं नेसवलं, दुखवटा संपला म्हणून बायकांनी तिला कुंकवाऐवजी बुक्का लावला, आणि ती मला जवळ ओढून सगळ्यांसमोर म्हणाली, "सांग गं ह्यांना, तुझे अण्णा त्या दिशी कसे व्हते." तू आमटीची बादली घेऊन दारात उभा होतास. मी म्हणाले, लई खुशीत होते. भजी खाल्ली, कोट बघितला, बेस म्हणाले, खिडकीतून हात केला. आई शेजारच्या केसरबाईंकडे वळून म्हणाली, "बघा. म्हणलं नव्हतं मी? लेकीजवळ हसून खेळून आले आन् झोपंत गेले. कुणाला मिळतं असं मरण." केसरबाई म्हणाल्या, पुण्यवान माणूस. आईनं डोळे पुसले, पण तिच्या तोंडावर समाधान होतं. वर्षभर ती त्याच्यावरच जगते आहे हे मला तेव्हा कळलं. तू बादली तशीच घेऊन परत फिरलास.

तेव्हाच मी ठरवलं की हे मरेपर्यंत असंच सांगायचं. मला जमेल असंही वाटलं.

नंतर दुपारी तू आणि कडुबाकाका मोठं पातेलं उचलून चुलीवरून खाली घेत होतात. तू मध्येच ते टेकवलंस. भिंतीला हात लावून उभा राहिलास, मान खाली. मी आले तेव्हा तुझा सदरा पाठीला चिकटला होता आणि तू डावा दंड चोळत होतास. मी विचारलं, तर म्हणालास, जागरण झालंय. कडुबाकाका म्हणाले, "जागरण कशाचं? दिवाळीपासून तिसरी बारी हाय ही, ताई. फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतला तवा बी असाच बसला व्हता." तू त्यांच्यावर डाफरलास, "गप बसा हो काका. आईच्या कानावर घालू नका." मग माझ्याकडे बघून म्हणालास, "तू बी."

दादा, मी तेव्हा मान हलवली. सवयीनं हलवली. गाडीत बसल्यावर मी फोनवर हृदयाचे डॉक्टर शोधायला लागले.

सोमवारी, एक तारखेला, सकाळी अकरा वाजता मी हृदयाच्या डॉक्टरांकडे तुझा नंबर लावला आहे. सातच्या गाडीनं निघ. मी बसस्टँडवर पिशोरची गाडी लागते तिथं उभी असेन. रजा काढली आहे. मॅडम म्हणाल्या, त्याच दिवशी वरची माणसं येणार आहेत, उमेदवारीतल्यांना भेटून कायम करायचं की नाही ते ठरवणार, त्या दिवशी तू नसलीस तर मी काही करू शकणार नाही. मी त्यांना सांगितलं, मला जायचंच आहे. त्यांनी कारण विचारलं. ह्या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. सरकी वेचायची राहिली, पाणी द्यायचंय, गव्हाची पेरणी आहे, काहीतरी असेलच. म्हणून सांगते. साडेदहापर्यंत मी तिथं उभी राहीन. तू उतरला नाहीस तर पुढच्या गाडीत बसून मी पिशोरला येईन आणि आईसमोर बसून तिला सगळं सांगेन. छावणीतल्या बाकापासून शनिवारच्या पातेल्यापर्यंत. अण्णा कसे गेले ते तिला कळेल, आणि तिच्याजवळ जे एक समाधान आहे ते जाईल. ती माझं तोंड बघणार नाही. तूही बघणार नाहीस. ते सगळं मी धरून चालले आहे. पण ती तुला हाताला धरून दवाखान्यात नेईल, एवढं मला पक्कं माहीत आहे.

घरी सांगू नको, असं अण्णा म्हणाले ते मी ऐकलं. तुझं ऐकणार नाही.

येताना काही खाऊ नकोस, चहासुद्धा नको. आधी रक्त घेणार आहेत.

श्रेया